स्वच्छ आवाजाची तक्रार

इंटरनेटवरून फोन चालू असताना दोन्हीकडची माणसे गप्प झाली, की वाटेत काहीच नसते. तरीही कानात एक बारीक सरसर येत राहते. ती पलीकडून येत नाही. ऐकणाऱ्याचे उपकरणच ती तयार करते. याचे कारण साधे आहे: पूर्ण निःशब्दता कानावर पडली की माणूस दोनदा ‘हॅलो’ म्हणतो आणि फोन ठेवून देतो. गेली बारा वर्षे मी हे सुरतेतल्या गिऱ्हाइकांना सांगत आले आहे. निम्म्या लोकांना ते गमतीचे वाटते, उरलेल्यांना आपण फसवले गेलो असे वाटते.

त्याआधी मी एका मराठी दैनिकाच्या सुरत कार्यालयात उपसंपादक होते. ते कार्यालय बंद झाले. माझ्या दिरांची ऑफिसांना इंटरनेटचे फोन बसवून देणारी छोटी कंपनी होती, तिथे कामाला लागले. बातमीतला फापटपसारा काढायचा सराव होता. आता आवाजातला काढू लागले. काम फारसे वेगळे नाही, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

आमचा धंदा थोडक्यात असा. रिंगरोडच्या मार्केटमधले दुकान, हजीऱ्याकडचे गोदाम आणि मालकाचे घर, तिन्हीकडे एकाच यंत्रणेचे फोन लावायचे. दुकानातला माणूस तीन आकडे दाबतो आणि गोदामात घंटी वाजते. टेलिफोनची जुनी तांब्याची तार लागत नाही. इंटरनेटची जोडणी असली की झाले. गिऱ्हाइके पहिले काही दिवस जुन्या सवयीने वागतात. एक कापडदलाल मुंबईशी बोलताना नेहमीच्या आवाजात बोलायचे, नागपूरला थोडे वरच्या पट्टीत आणि कोइम्बतूरला अक्षरशः ओरडून. “दूर आहे ना,” ते म्हणाले. इंटरनेटला अंतर कळत नाही, हे त्यांना पटले; पण कोइम्बतूरसाठी आवाज खाली आला नाही. शेवटी मी त्यांच्या फोनचाच आवाज उतरवून ठेवला.

अडाजणला राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मुलगी परदेशात, तिच्याशी बोलण्यासाठी फोन घेतला. बसवून झाल्यावर त्यांनी विचारले, “माझा आवाज जातो कसा?”

मी सांगितले, की एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात जातो, पाकिटावर पत्ता आणि क्रमांक असतो. सगळी पाकिटे एकाच रस्त्याने जातील असे नाही. पलीकडे एक थांबा असतो. तिथे ती क्षणभर थांबतात, क्रमाने लागतात आणि मग कानात जातात.

“आणि एखादे हरवले तर?”

“आधीच्या तुकड्यावरून यंत्र अंदाज करते आणि जागा भरते.”

“म्हणजे मुलगी जे बोललीच नाही, तेही मी ऐकतो?”

“सेकंदाचा पन्नासावा भाग, सर.”

ते हसले. “आमच्या वर्गात याला कॉपी म्हणत,” ते म्हणाले. हा प्रश्न मी तेव्हा वहीत टिपून ठेवला होता, निव्वळ मौज म्हणून. पुढे तो मला एका खात्यात उपयोगी पडला.

सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात आणि मागाला संचा. हसमुखशेठचे खाते कामरेजच्या बाजूला होते. चोवीस संचे, सगळे जुन्या पद्धतीचे, धोट्याचे. धोटा म्हणजे आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे धावणारा टोकदार लाकडी तुकडा. तो प्रत्येक फेरीला ठोसा खाऊन निघतो. चोवीस धोटे धावत असले, की शेडमध्ये शेजारच्या माणसाला कानाशी तोंड नेऊन बोलावे लागते.

शेठना तीन ठिकाणी फोन हवे होते: मार्केटचे दुकान, कामरेजचे खाते आणि गोडादऱ्यातले सुकदेवनानांचे घर. नाना त्यांचे जॉबर, म्हणजे संचे दुरुस्त करणारे मिस्त्री. मूळचे शिरपूर तालुक्यातले, चाळीस वर्षे सुरतेत.

“मिस्त्रीच्या घरी कशाला, शेठ?” मी विचारले.

“नाना हमारा डॉक्टर छे, बेन. पाँव टूटा तब से घर से चेक करता है.”

वार्ताहराने सहा प्रश्न विचारायचे असतात: कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. मी पाच विचारले. कसे चेक करतात, हे विचारले नाही. फोन बसवायला आलेल्या माणसाला त्याची गरज नाही, असे मी मानले.

खात्यातला फोन लावून मी तिथूनच दुकानात फोन केला. आमच्या यंत्रणेत गोंगाट गाळण्याची सोय असते. माणसाचा आवाज ओळखायचा, तेवढाच ठेवायचा, बाकीचा काढून टाकायचा. ती मी पूर्ण ताकदीने चालू केली होती.

“बेन,” शेठ पलीकडून म्हणाले, “लूम बंद करवा दिए क्या?”

“नाही, चोवीसही चालू आहेत.”

“शुं वात करो छो! एकदम चोख्खो अवाज.”

कामाच्या कागदावर मी लिहिले: आवाज स्वच्छ, ग्राहक समाधानी.

पंधरा दिवसांनी आमच्या तक्रारीच्या नंबरवर एका बाईंचा फोन आला.

“तुम्हीच का त्या फोनवाल्या ताई? मी गोडादऱ्यातून मालूबाई. सुकदेव मिस्त्रीची घरवाली. तुम्ही फोन लावून गेल्या तेव्हापासून आमच्या माणसाचं जेवणावर मन नाही.”

“फोनमध्ये बिघाड आहे का?”

“फोन चांगला आहे. माणूस बिघडला.”

असल्या तक्रारीला आमच्या नोंदवहीत रकाना नव्हता. मी दुसऱ्या दिवशी गेले.

नाना पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. काठी शेजारी. दोन वर्षांपूर्वी खात्याच्या पायरीवर घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. त्यांनी मला बसायला सांगितले आणि फोनविषयी एक शब्दही काढला नाही. शेवटी मालूबाईंनीच सुरुवात केली.

“सांगा ना आता. का मी सांगू?”

मग कळले ते असे. पाय मोडल्यावर नानांनी स्वतःच एक पद्धत काढली होती. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला भटू नावाचा पन्नाशीचा कारीगर खात्यातल्या जुन्या लँडलाइनवरून त्यांना फोन लावायचा. त्या फोनला लांब दोरी जोडून घेतली होती. भटू रिसीव्हर घेऊन दोन ओळींच्या मधून चालायचा आणि प्रत्येक संच्यासमोर जरा थांबायचा. नाना डोळे मिटून ऐकायचे. ठोसा देणारा चामड्याचा पट्टा सैल पडला की ठोका ओला वाजतो, असे ते म्हणाले. धोटा उशिरा पोचत असेल तर दोन ठोक्यांमधले अंतर वाढते. वेळेत कळले तर पाच मिनिटांचे काम. नाही कळले तर धोटा ताण्यात अडकतो आणि शेकडो धागे एका क्षणात तुटतात. किंवा तो संच्यातून बाहेर उडतो, आणि मग समोर कोण उभे आहे ते महत्त्वाचे.

“मोबाइलवर का नाही ऐकत?” मी विचारले.

“मोबाइलमध्ये संचा मरून जातो, ताई. माणूस तेवढा जिवंत राहतो.”

हे वाक्य त्यांनी दोन वर्षांत किती जणांना सांगितले असेल, कोण जाणे. मी ते पंधरा दिवसांपूर्वी ऐकले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुढची हकिगत नानांनी भिंतीकडे बघत सांगितली. नवा फोन लागला आणि जुनी लँडलाइन निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता नव्या फोनवरून भटूचा फोन आला. त्यांचे बोलणे घरच्या अहिराणीत झाले.

“नाना, दहा वाजनात.”

“मंग संचा चालू कर ना, भो.”

“चालूच शेतस, नाना.”

नानांना भटू एखाद्या रिकाम्या खोलीत उभा राहून बोलतो आहे असे वाटले. त्यांनी फोन ठेवला. आसपासची दोन खाती गेल्या वर्षभरात बंद पडली होती, संचे वजनावर भंगारात गेले होते. शेठनी आपलेही खाते बंद केले आणि वाईट वाटू नये म्हणून सगळे मिळून लपवत आहेत, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी रिक्षा केली आणि मोडलेला खुबा घेऊन कामरेजला गेले. रस्त्यावरूनच आवाज ऐकू आला. चोवीसही संचे चालू होते. ते आत न जाता परत आले.

“मंग मना कानच ग्यात,” ते मालूबाईंकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळून प्रमाण मराठीत तेच पुन्हा: “मग माझे कानच गेले, असं धरलं. फोन तारेचाच होता, मोबाइल नव्हता; म्हणजे फोनमधलं बारीक ऐकायचा कानच गेला.”

“मग रोज भटूला काय सांगत होता?”

उत्तर मालूबाईंनी दिले. “ठीक आहे, ठीक आहे, असं सांगत होते. आठ दिवस. काही ऐकू न येता.”

नवव्या दिवशी नवव्या संच्याचा धोटा उडाला. भटूच्या डोक्यापासून हातभर अंतरावर भिंतीवर आदळला. शेठनी त्याच दिवशी एका एजन्सीच्या मिस्त्रीशी बोलणी केली. एक तारखेपासून तो येणार होता. नानांना कोणी काही म्हटले नव्हते, आणि तेच त्यांना जास्त लागले होते.

मी त्यांच्या फोनवरून खात्यात फोन लावला. भटू बोलला. आवाज अगदी स्वच्छ होता, वर्तमानपत्राच्या शिळ्या घडीसारखा सपाट. मागे काही नव्हते. ते मीच तसे करून दिले होते.

“नाना, तुमचे कान ठीक आहेत. फोन संच्यांचा आवाज गाळतो आहे.”

“गाळायला कोणी सांगितलं त्याला?”

“मी.”

मालूबाई चहा ठेवायला उठल्या. जाताना म्हणाल्या, “पहिला कप ताईंना नको. आधी ह्यांना.”

ती सोय बंद करणे एका मिनिटाचे काम होते. केले. नानांनी ऐकले आणि मान हलवली. “हा संचा नाही. कोणीतरी गुळण्या करतंय.”

त्यांचे बरोबर होते. पाकिटे लहान राहावीत म्हणून आवाज दाबून पाठवण्याची पद्धत आम्ही वापरतो. ती माणसाच्या गळ्याच्या रचनेवर बेतलेली आहे. कानावर काहीही पडले तरी ते एखाद्या घशातूनच आले आहे, असे ती समजते आणि तसेच पुन्हा घडवते. चोवीस मागांचा घसा तिला माहीत नाही. मी न दाबता पाठवण्याची पद्धत लावली. पाकिटे मोठी झाली. नानांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मालूबाईंचा चहा निवला.

फोनने आवाज कसा गाळला ते मी शेठना सांगितले; ते ऐकून घेणारे गृहस्थ होते. गुरुवारी दहा वाजता ते स्वतः खात्यात उभे राहिले. मी गोडादऱ्यात नानांजवळ होते. भटू पहिल्या ओळीसमोरून गेला, मग दुसरीकडे वळला. चौदाव्या संच्यासमोर नाना म्हणाले, “थांब. हा ठोका चुकवतोय.” भटू पुढे गेला, परत आला. “चुकवतोय. उघडा.”

चौदावा थांबवला. ठोशाचा पट्टा आणि काठी, धोटा थांबतो ती पेटी, सगळे उघडून पाहिले. अर्धा तास गेला. काही सापडले नाही. शेठनी स्वतः फोन हातात घेतला.

“नाना, बहुत किया तुमने. अब आराम करो.”

त्यांचा स्वर प्रेमळ होता. नानांनी फोन जागेवर नीट ठेवला, तार सरळ केली आणि पायावर चादर ओढून घेतली. भटूने मला नंतर सांगितले, की खात्यात कोणीही वर बघत नव्हते.

माझ्या लॅपटॉपवर त्या कॉलची नोंद होती. प्रत्येक कॉलची असते: किती पाकिटे निघाली, किती पोचली. या कॉलमध्ये थोडी पाकिटे पोचली नव्हती, आणि ती सगळी एकाच वेळची होती. मी खात्याच्या मुनिमाला विचारले, दहाच्या सुमाराला इंटरनेटवर काय चालते. तो म्हणाला, आलेल्या मालाचे फोटो मार्केटला पाठवतो. त्या फोटोंच्या गर्दीत आवाजाची पाकिटे मागे पडत होती. रिकामी जागा यंत्र अंदाजाने भरत होते. आधीचा तुकडा पसरून, गुळगुळीत करून. माणसाच्या बोलण्यात ते कळतही नाही. मागाचा ठोका मात्र हरवलेल्या तुकड्याहून लांब नसतो, तो आख्खाच पुसला जातो. मुख्याध्यापकांचा प्रश्न आठवला. नानांनी ऐकलेली चूक खरी होती. ती संच्याची नव्हती.

आकड्यांनी शेठना पटले नसते. ते माझ्या धंद्याचे आकडे होते. शुक्रवारी दहा वाजता मी बातमीदारीच्या काळातला रेकॉर्डर घेऊन खात्यात गेले आणि भटूच्या हँडसेटला लागून धरला. गोडादऱ्यात मालूबाईंना फोनशेजारी मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग करायला शिकवून आले होते. “बटण दाबलं, आता मी गप्प बसू का?” असे त्यांनी विचारल्याचे त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आहे. नानांना ऐकायचे नव्हते. मालूबाईंनी काय सांगून बसवले, ते त्यांनी मला सांगितले नाही. त्या दिवशी नाना अकराव्या संच्याला म्हणाले, “हा चुकला,” आणि मग हळू आवाजात, “का मीच चुकलो.”

दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवली. खात्यातल्या रेकॉर्डरवर अकराव्या संच्याचे ठोके एकसारखे होते. गोडादऱ्यातल्या मोबाइलवर एका ठिकाणी ठोका नव्हता. तिथे पुसल्यासारखा एक आवाज होता.

वर्तमानपत्रात आम्हाला शिकवले होते, की चूक ज्या पानावर छापली, दुरुस्तीही त्याच पानावर छापायची. कोपऱ्यात नाही. शेठ म्हणत होते मार्केटला या, चहा घेऊ. मी त्यांना शनिवारी पाऊण वाजता खात्यात बोलावले आणि ज्यांच्यासमोर चौदावा संचा उघडला होता, त्या सगळ्यांना केबिनच्या दारात उभे केले. दोन्ही आवाज ऐकवले. शेठनी पुन्हा एकदा लावायला सांगितले.

“तो गलती किसकी?”

“आमची. नानांची नाही, संच्याचीही नाही.”

भटू शेजारच्या माणसाच्या कानाशी काहीतरी बोलला. शेठनी त्याच्याकडे पाहिले, मग मला म्हणाले, “नाना को लगाओ.”

आवाजाची पाकिटे फोटोंच्या आधी जावीत, अशी व्यवस्था मी सकाळीच करून ठेवली होती. भटू हँडसेट घेऊन ओळीत गेला. केबिनमध्ये त्याच कॉलला जोडून ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर शेठ ऐकत होते, आणि मी तिसऱ्यावर. शेठ आहेत, हे मी नानांना आधीच सांगितले.

एक वाजत आला होता. या खात्यात जेवणाला अर्धा तास सगळे संचे थांबवतात. बहुतेक ठिकाणी थांबवत नाहीत. शेठच्या वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. घंटा झाली. कारीगर आपापल्या संच्याकडे गेले आणि एकेक संचा थांबू लागला. नाना फोनवर मोजत होते, स्वतःशी बोलल्यासारखे. अठरा. एकोणीस. दोन एकदम थांबले तर दोन धरले. बावीस. तेवीस.

मग मोजणे थांबले.

“एक चालू आहे अजून,” नाना म्हणाले. “डावी ओळ. भिंतीकडचा.”

शेठनी केबिनच्या काचेतून पाहिले. डाव्या ओळीच्या टोकाला, भिंतीजवळ, एक ओडिया कारीगर कांडी संपवून मग जेवू, म्हणून संचा चालवत उभा होता. केबिनमधून नुसत्या कानाला कोणता संचा चालू आहे ते कळत नव्हते. शेठनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. “एजन्सीवाले को मना कर देता हूँ,” ते म्हणाले. हे त्यांनी मला सांगितले की नानांना, ते समजले नाही.

शेवटचा संचाही थांबला.

“ताई, आहात का?” नानांनी विचारले. “ही सरसर कशाची? खात्यात असा आवाज कुठेच नाही.”

गोंगाट गाळणे मी बंद केले होते. पण कोणी बोलत नसताना पाकिटे पाठवायचीच नाहीत, ही सोय तशीच राहिली होती. संचे थांबल्यावर फोनला वाटले, पलीकडे सगळे गप्प आहेत; म्हणून त्याने पाठवणे थांबवले आणि नानांच्या उपकरणाने आपली सरसर सुरू केली. मी त्यांना ते सांगितले. ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून ती असते, असेही सांगितले.

“म्हणजे काही येत नाही, तरी ठीक आहे, ठीक आहे म्हणतो.”

“तसंच.”

“मी आठ दिवस तेच केलं,” नाना म्हणाले. “शेठ ऐकतायत ना? ऐकू द्या. मला काही येत नव्हतं. मी ठीक आहे म्हणत होतो. नववा त्यातच गेला.”

भटू ओळीत हँडसेट धरून उभा होता. त्यालाही ते ऐकू गेले असणार. शेठ काचेबाहेर बघत होते. तसेच बघत ते म्हणाले, “खाना खा लो, नाना. चार बजे फोन आएगा. भटू करेगा.”

त्यांनी रिसीव्हर ठेवला, आणि भटूही हँडसेट संच्यावर ठेवून जेवायला गेला. नाना फोनवरच होते. “ते बंद करा, ताई. तिकडे काही नसेल, तर मला काही नाही, असंच ऐकू द्या.”

मी ती सोय बंद केली. फोनमधली सरसर गेली. खात्याची मोठी, उघडी शांतता तेवढी राहिली, आणि मग दूर कुठेतरी डब्याचे झाकण फरशीवर पडले.

“भटूचा डबा,” नाना म्हणाले.